शाहिरीतून घडलेला कादंबरीकार

अण्णाभाऊ साठे म्हटले की डफ आणि 'माझी मैना' ही छक्कड आधी आठवते. त्यांच्या तीसहून अधिक कादंबऱ्या आणि कथासंग्रह मागे पडतात, ते मला खटकते. फडावर हजारोंची गर्दी धरून ठेवणारा माणूसच कादंबरी लिहायला बसला होता.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. वारणेच्या खोऱ्यातले, वाळवा तालुक्यातले हे गाव. मूळ नाव तुकाराम. शाळा दीड दिवसाची. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला साठे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. कोळसा वेचणे, हमाली, मग गिरणी. अक्षरे त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या पोस्टरांवरून गिरवली, असे सांगतात.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कम्युनिस्ट चळवळीत ओढले गेले. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. तमाशाच्या गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीच्या जागी मायभूमी, शिवराय आणि हुतात्मे आले. मला यातच कथाकाराची तालीम दिसते. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, पात्र तोंड उघडताच ओळखू यावे लागते, आणि प्रसंग रेंगाळला की प्रेक्षक उठतो. अण्णाभाऊंच्या कथा थेट प्रसंगात उडी घेतात आणि संवादावर चालतात, त्याचे मूळ इथे आहे.

१९५९ची 'फकिरा' या सगळ्याचे फळ. वारणाकाठी ऐकलेली बंडखोराची हकिगत त्यांनी उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणाऱ्या, इंग्रजांनी लादलेल्या सक्तीच्या हजेरीला नकार देणाऱ्या नायकाची केली. ज्या जमातीला कायद्याने गुन्हेगार ठरवले, तिच्यातला माणूस मराठी कादंबरीत ताठ मानेने उभा राहिला. ती त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१मध्ये तिला राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले.

तरी त्यांची ताकद नेमकी कळायला मी 'स्मशानातील सोनं' ही कथा पुढे करीन. मुंबईच्या उपनगरातली खाण बंद पडते आणि भीमा चितेच्या राखेत सोने शोधू लागतो. लेखक त्याला नावे ठेवत नाही, त्याची कीवही करत नाही. भुकेचा हिशेब तेवढा मांडतो.

त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पण हाती पैसा टिकला नाही. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी बरेचसे लिहिले. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती.