रोग-शरीरक्रियाविज्ञान

रोगामुळे शरीराचे नेहमीचे कार्य कसे बिघडते, याचा अभ्यास करणारी वैद्यकशाखा. विकृतिविज्ञान रोगट अवयवांतील व ऊतकांतील बदल पाहते, शरीरक्रियाविज्ञान निरोगी शरीराचे व्यापार पाहते. ही शाखा या दोहोंना जोडते. यकृत कठीण झालेले शवविच्छेदनात दिसते, पण त्यामुळे पोटात पाणी का साचते हे त्यावरून कळत नाही. तो प्रश्न येथला.

इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ मोर्गान्यी याने १७६१ मध्ये लक्षणांचा संबंध अवयवांशी जोडला, तर जर्मन विकृतिवैज्ञानिक फिरखो याने १८५८ मध्ये रोगाचे मूळ पेशीत असल्याचे मांडले. या शाखेला खरी दिशा मात्र फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार याच्या विचाराने मिळाली : पेशींभोवतीचे अंतर्गत पर्यावरण स्थिर राखण्यासाठी शरीर सतत झटत असते. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर कॅनन याने १९२६ मध्ये या स्थैर्याला ‘होमिओस्टॅसिस’ (समस्थिती) हे नाव दिले. १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फोन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढल्यावर त्याला मधुमेह झाला. इन्शुलिनच्या शोधाची वाट तेथून निघाली.

रुग्णाला होणारा पुष्कळसा त्रास मूळ इजेचा नसून शरीराने केलेल्या भरपाईचा असतो. हृदयविफलता हे त्याचे ठळक उदाहरण. हृदय दुबळे झाले की मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते. हे रक्तस्रावामुळे झाले की हृदयामुळे, हा भेद मूत्रपिंडांना करता येत नाही. ती रेनिन हे विकर (एन्झाइम) रक्तात सोडतात. त्यामुळे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होऊन रक्तवाहिन्या आवळतात आणि अल्डोस्टेरोन या दुसऱ्या संप्रेरकामुळे मीठ व पाणी शरीरात राहते. जखमी माणसाचा यात जीव वाचतो. दुबळ्या हृदयावर मात्र ओझे वाढते, पाय सुजतात, फुफ्फुसांत पाणी साचते आणि आडवे होताच दम लागतो. म्हणूनच ही साखळी तोडणारी औषधे उपयोगी पडतात. हृदयाचा जोर कमी करणारी बीटा-रोधके या आजारात एकेकाळी निषिद्ध होती. आज ती उपचाराचा आधार आहेत.

पटकीत (कॉलऱ्यात) बिघाड निराळा. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांवरील प्रयोगांतून तिच्या जंतूंचे आंत्रविष (आतड्यावर परिणाम करणारे विष) दाखवून दिले. हे विष आतड्याच्या पेशी मारत नाही. पेशींतील चक्रीय एएमपी हा संदेशवाहक रेणू वाढवून क्लोराइड बाहेर टाकण्याची क्रिया अखंड चालू ठेवते आणि त्यामागोमाग पाणी वाहते. ग्लुकोजबरोबर सोडियम शोषण्याचा मार्ग मात्र शाबूत राहतो. जलसंजीवनी त्याच मार्गाने काम करते. जुलाब ती लगेच थांबवत नाही, गेलेले पाणी व क्षार भरून काढते.

यंत्रणा कळली म्हणजे उपचार सापडलाच, असे नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पडणारे जादा ठोके धोक्याचे असतात, म्हणून ते दाबणारी औषधे जीव वाचवतील हा तर्क बिनचूक वाटत होता. एन्केनाइड व फ्लेकेनाइड यांनी ठोके दाबलेही. पण १९८९ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ती घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक आढळले.