‘ताप’ या रकान्यात काय काय मावले : सिव्हिल आणि जुन्या मृत्युनोंदी

गाव नमुना १४ ला, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या पुस्तकाला, सध्या कधी नव्हे इतकी मागणी आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतली जन्म-मृत्यूची पुस्तके फडक्यांतून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, पाने स्कॅन झाली. शोध आहे तो जातीच्या रकान्याचा. हे पुस्तक मात्र मुळात आरोग्याचे. गावात कोण, कधी आणि कशाने गेले हे वर कळावे म्हणून ते ठेवले जाई.

पाटील-कुळकर्णी नोंद करत, तालुका गोषवारा काढी आणि तो मुंबई इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरपर्यंत, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत, जाई. सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय; तिथल्या सिव्हिल सर्जनचे दप्तर वेगळे, दवाखान्यात आलेल्यांपुरते. खेड्यातला मरणारा माणूस बहुधा सिव्हिलच्या दारापर्यंत पोचतच नसे. म्हणून त्या काळातले जिल्ह्याचे आरोग्य समजून घ्यायचे तर रुग्णालयाच्या कागदांआधी पाटलाची वही उघडावी लागते.

आणि तिथे अडते ते ‘ताप’ या शब्दापाशी. मृत्यूच्या कारणांचे ठरलेले रकाने थोडेच होते : पटकी (कॉलरा), देवी, ताप, हगवण-अतिसार, इजा, इतर, पुढे प्लेग आणि श्वसनाचे विकार. देवी अंगावर दिसत, पटकी काही तासांत ओळखू येई. बाकी ज्याचे अंग तापले तो तापात गेला. हिवताप, विषमज्वर (टायफॉइड), क्षय, बाळंतिणीचा ज्वर, सगळे एकाच घरात. वरिष्ठ अधिकारी आपल्या अहवालांतून या रकान्याबद्दल वर्षानुवर्षे कुरकुरत राहिले. दोष पाटलावर ढकलणे सोपे होते, पण नाडी न पाहिलेल्या माणसाकडून निदान मागणारी व्यवस्था त्याने केलेली नव्हती.

प्लेगने गुंता वाढवला. साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. त्याच वर्षी पुण्यात घराघरांत शिरून झडत्या झाल्या, आजाऱ्यांना उचलून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले. काखेत गाठ आली असे कबूल करणे म्हणजे घरावर सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, बोलावणे. लोकांनी गाठ लपवली आणि ताप सांगितला. त्या सक्तीने साथ किती आवरली यावर वाद होऊ शकतो. नोंदीचे तिने नुकसान केले, यावर माझ्या मते नाही.

१९१८ ला तर इन्फ्लुएन्झाला रकानाच नव्हता. लोकांनी नाव दिले होते : मानमोडी. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या महिन्यातली खेड्याची पाने पाहिली की पोटात कालवते. एरवी चार-सहा ओळींत संपणारा महिना पानामागून पान चालतो, एकाच आडनावाच्या तीन-तीन ओळी लागोपाठ येतात आणि कारणापुढे ताप, ताप, ताप. इलाख्यातले बळी १० लाखांवर गेल्याचा अंदाज काढला तो तापाच्या आणि श्वसनाच्या आकड्यांतून आधीच्या वर्षांची सरासरी वजा करून.

शंभर वर्षांनी, करोनात, पुन्हा तीच वजाबाकी करावी लागली. प्रमाणपत्रावर ‘कोविड’ न लिहिलेल्यांच्या घरच्यांना ५० हजारांच्या मदतीसाठी चाचणीचा कागद शोधत सिव्हिलच्या खिडकीपुढे उभे राहावे लागले. मधल्या काळात १९६९ चा नोंदणी कायदा आला आणि मृत्यू जिथे घडला तिथेच त्याची नोंद बंधनकारक झाली. त्यामुळे खेड्यातला माणूस सिव्हिलमध्ये वारला तर त्याचे नाव शहराच्या पुस्तकात जाते, गावाच्या नाही. शिवाय १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रे एकीकडे आणि सिव्हिल दुसरीकडे, अशी कागदांचीही वाटणी झाली. भरती रुग्णाचे केसपेपर तर ३ वर्षे जपले की नियमाचे भागते.

म्हणून सध्याच्या शोधमोहिमेकडे माझे डोळे लागले आहेत. त्याच ओळीत, जातीपासून दोन बोटांवर, मरणाचे कारण आणि तारीख आहे. यादी करताना तेवढे दोन रकाने जास्त टिपले तर मानमोडी कोणत्या गावातून कोणत्या गावात गेली ते तालुकावार मांडता येईल. पुस्तके पुन्हा बांधली की हे राहून जाईल. कागद इतका ठिसूळ झाला आहे की आताच पान उलटताना कडांचे तुकडे हातात येतात.