अरेंजर कीबोर्ड की लॅपटॉपवरचा अरेंजर?

"लॅपटॉपवर अरेंजर म्हणजे ट्रॅक लावून वाजवणंच ना?" ऑर्केस्ट्रात नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात. तसं नाही. ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेली साथ, ठरल्या वाटेने जातो. गायिकेने अंतरा पुन्हा घेतला तरी तो थांबत नाही. अरेंजर म्हणजे तुमच्या कॉर्डप्रमाणे साथ वाजवणारा कीबोर्ड किंवा सॉफ्टवेअर; तो तुमच्या डाव्या हाताचं ऐकतो. तुम्ही सी मायनर ही कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) धरली की बास, गिटार, स्ट्रिंग्ज त्या कॉर्डवर येतात. यामाहाच्या स्टाइलमध्ये, म्हणजे साथीच्या तयार साच्यात, असे ८ भाग असतात: तालाचे २, बास, कॉर्डचे २, पॅड आणि फ्रेजचे २. बहुतेक स्टाइल्स सी मेजर सेव्हनवर वाजवून ठेवलेल्या असतात आणि कॉर्ड बदलली की कुठला स्वर कुठे सरकायचा, याचे नियम त्याच फाइलमध्ये असतात.

हे काम यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० कीबोर्ड करतो आणि गिगलॅड किंवा व्हीअरेंजर हे सॉफ्टवेअर घातलेला लॅपटॉपही करतो. कीबोर्डच्या पोटातही शेवटी प्रोसेसर आणि सॉफ्टवेअरच आहे. मग फरक कुठे?

टोनमध्ये, म्हणजे वाद्यांच्या आवाजांत, लॅपटॉप पुढे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. एसएक्स९०० मध्ये बाहेरचे टोन भरायला १ जीबी जागा मिळते. लॅपटॉपमध्ये डिस्क असेल तेवढी. परदेशी बाजारासाठी घडवलेल्या कीबोर्डात वॉल्ट्झ आणि पोल्का भरपूर, पण लावणीची ढोलकी बहुतेकदा आपल्यालाच भरावी लागते. शाईवरची थाप, चाटीवरचं बोट, धुमाची घुमक हे सगळं वेगवेगळं सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्यावरून रेकॉर्ड, केलेलं असेल तरच ती ढोलकी वाटते, आणि त्याला जागा लागते.

आवाज उशिरा येतो ही तक्रार मात्र आता फारशी खरी नाही. ऑडिओ इंटरफेसवर (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या डबीवर) बफर, म्हणजे आवाज पाठवण्याआधी साठवायचा तुकडा, २५६ सॅम्पलचा ठेवला तर त्यापायी सुमारे ६ मिलिसेकंद जातात. २ मीटरवरच्या मॉनिटरचा आवाज कानावर यायलाही तेवढाच वेळ लागतो. १०२४ ठेवलात तर २३ मिलिसेकंद. तो उशीर बोटांना कळतोच.

खरी परीक्षा स्टेजवर. एका हळदीच्या कार्यक्रमात गायक ऐनवेळी म्हणाला, "दादा, पांढरी चार नको, काळी दोन घ्या." म्हणजे सूर दोन सेमीटोन (लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर) खाली. कीबोर्ड असता तर ट्रान्सपोझचं, म्हणजे सूर वरखाली करायचं, बटण दोनदा खाली, विषय संपला. मी लॅपटॉपवर होतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन उतरवले, पण आधीच्या गाण्यासाठी कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडलेल्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर) उतरवलेले दोन तसेच राहिले होते. गाणं चार सेमीटोन खाली सुरू झालं. गायकाने माझ्याकडे वळून पाहिलं, ती नजर अजून आठवते.

फिल (मधली भर), ब्रेक (साथीचा क्षणभर थांबा), एंडिंग (शेवट) यांचंही असंच आहे. गायक सम सोडून मुखड्यावर आला तर तुमच्याकडे एक मात्रा असते. कीबोर्डवर बोट न बघता त्या बटणावर जातं. लॅपटॉपवर माउस शोधेपर्यंत ताल पुढे गेलेला असतो. वादकाला काय हवं असतं, याचं माझं उत्तर म्हणूनच टोनपाशी थांबत नाही: हात पट्ट्यांवरून उठता कामा नये. महिन्याला दहा कार्यक्रम करणाऱ्याला मी आजही कीबोर्डच घ्यायला सांगेन. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला, चाली बांधणाऱ्याला लॅपटॉप.

स्टेजवर लॅपटॉपच न्यायचा असेल तर तो फक्त वाजवण्यासाठी ठेवा, वायफाय बंद करा आणि ट्रान्सपोझ एकाच ठिकाणी बदला. मी पायाखाली दोन पेडल ठेवतो: डावं फिलचं, उजवं एंडिंगचं. त्या हळदीनंतर कंट्रोलरच्या ट्रान्सपोझ बटणावर चिकटपट्टी मारली, ती अजून तशीच आहे.