खाण, माती आणि लळा

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे घराणं बघतात. सासरा तापट म्हणजे पोरगाही त्याच वळणाचा निघणार. खाण तशी माती. हल्ली तीच शंका नव्या शब्दांत ऐकू येते. ‘तो ॲव्हॉइडंट आहे’ (म्हणजे जवळीक टाळणारा), ‘माझा चाइल्डहूड ट्रॉमा आहे’ ही वाक्यं आता मोबाइलवरच्या रील्समधून थेट नवरा-बायकोच्या भांडणात येऊन पडतात. या शब्दांचा उगम शोधत गेलं तर आपण पोचतो लंडनच्या एका श्रीमंत घरात.

जॉन बोल्बी यांचा जन्म १९०७चा. वडील नामवंत सर्जन. आईची भेट दिवसातून तासभर, दुपारच्या चहानंतर. बाकी वेळ मुलाला सांभाळायची मिनी नावाची आया. बोल्बी चार वर्षांचे असताना ती नोकरी सोडून गेली, आणि ते जाणं आई जाण्याइतकंच लागलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर त्यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. त्यांतली १४ मुलं कुणाबद्दलच ओलावा न वाटणारी होती आणि त्या चौदांपैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घ काळ ताटातूट झालेली होती. आकडा बोलका, पण नमुना फारच लहान. तरी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी अहवाल लिहिला आणि त्याचा आधार घेऊन नोकरी करणाऱ्या मातांना दोषी ठरवणारेही पुष्कळ निघाले. नुसत्या ताटातुटीपेक्षा घरातली सततची भांडणं आणि हेळसांड मुलाला जास्त बाधते, हे मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये दाखवलं. ती दुरुस्ती मात्र कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात ते बॉयलर सांभाळायचे, तिथूनच त्यांना मुलांकडे बघायची सवय लागली. १९५२ मध्ये त्यांनी एक चित्रफीत दाखवली: अडीच वर्षांची लॉरा, बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया, रुग्णालयात आठ दिवस. सोयीचे तेवढेच क्षण टिपले असं कुणी म्हणू नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळा आधीच ठरवलेल्या आणि भिंतीवरचं घड्याळही चौकटीत घेतलेलं. लॉरा आकांत करत नाही. नर्सच्या दृष्टीने ती शहाणी मुलगी. मध्येच ‘आई कुठंय?’ विचारते आणि गप्प होते. आई भेटायला येते तेव्हा ती तोंड फिरवते. घरी निघताना आईचा हातही धरत नाही. ही फीत पाहून डॉक्टर मंडळी चिडली, आपली बदनामी झाली म्हणाली. पण १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालाने ब्रिटनमधल्या रुग्णालयांना सांगितलं की आईवडिलांना मुलाजवळ केव्हाही येऊ द्या.

लॉराचं ते तोंड फिरवणं मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरी तो पिढ्यान् पिढ्या घडत आला. मुंबईच्या गिरणीत राबणारा बाप गणपतीला घरी यायचा आणि पोर आईच्या पदराआड लपायचं. ‘बापाला ओळखत नाही बघा,’ म्हणून सगळे हसायचे. त्या हसण्यात बापाला काय वाटायचं, ते कुणी विचारत नसे.

बोल्बींबरोबर काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी याच क्षणाची चाचणी केली. आधी युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांतल्या २६ घरांत, मग अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी आया आणि तान्ही मुलं पाहिली. तिथल्या प्रयोगात सुमारे वीस मिनिटांत आई दोनदा खोलीबाहेर जाते आणि परत येते. ती गेल्यावर मूल किती रडतं, यापेक्षा ती आल्यावर ते काय करतं, हे बघायचं. बिलगून शांत होतं (सुरक्षित), की शांतच होत नाही (धास्तावलेलं), की आलीच नाही असं दाखवतं (टाळणारं)? मुलाच्या या ओढीला बोल्बी आणि एन्सवर्थ ‘अटॅचमेंट’ म्हणत. तिला मराठीत आसक्ती म्हणावं तर गीता आठवते आणि आसक्ती सोडायची असते. खरा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे: लळा.

हा लळा मोठ्यांच्या प्रेमात आणला सिंडी हॅझन आणि फिलिप शेव्हर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी, १९८७ मध्ये. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या प्रश्नावलीला आलेल्या ६२० उत्तरांत ५६ टक्के ‘सुरक्षित’, २५ टक्के ‘टाळणारे’ आणि १९ टक्के ‘धास्तावलेले’ निघाले. आजच्या ऑनलाइन चाचण्या याच प्रश्नावलीच्या वंशातल्या.

एन्सवर्थ यांच्या विद्यार्थिनी मेरी मेन यांचं १९८५चं काम मात्र या गोंगाटात हरवलं. त्या मोठ्या माणसांना विचारत: लहानपणीच्या आईसाठी पाच शब्द सांगा. मग प्रत्येक शब्दासाठी एक आठवण. कुणी ‘प्रेमळ’ म्हणतं आणि आठवण विचारली की अडतं: प्रेमळ म्हणजे, आई असते तशीच की. दुसरी सांगते, आई मारायची, तेव्हा घरात पैसा नव्हता, तिची आईही तशीच, मला राग होता, अजून थोडा आहे. मेन यांच्या लेखी सुरक्षित ही दुसरी. काय सोसलं यापेक्षा ते किती सलग आणि खरेपणानं सांगता येतं, ते त्या मोजत होत्या. १९९१ मध्ये लंडनला पीटर फोनागी आणि स्टील दांपत्याने सुमारे शंभर गरोदर बायकांची अशी मुलाखत घेतली आणि न जन्मलेलं बाळ वर्षाचं झाल्यावर सुरक्षित असेल की नाही, याचा अंदाज चारांपैकी तिघींच्या बाबतीत बरोबर आला.

मराठी वाचकाकडे मानसशास्त्र आलं ते बरंचसं उलट्या दिशेने. कि. मो. फडके यांनी रुजवलेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत भूतकाळ फार उकरत नाही. कालच्या जखमेपेक्षा आज आपण तिच्याबद्दल स्वतःशी काय बोलतो, ते ती तपासते. मेन यांच्या शेजारी ठेवून पाहिलं तर भूतकाळ की आज, हे भांडण वाटतं तितकं मोठं नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटात १९७५ पासून गरीब घरांतल्या आया आणि मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. लहानपणी मार खाल्लेल्या, पण स्वतःच्या मुलांवर हात न टाकणाऱ्या आयांच्या आयुष्यात तीन गोष्टी आढळल्या: आताचा भरवशाचा जोडीदार, कधीतरी घेतलेले मानसोपचार, किंवा लहानपणी आईबापांखेरीज जीव लावणारं कुणी एक मोठं माणूस.