एड्स, मेंदूचा लिम्फोमा आणि एप्स्टाइन-बार विषाणू

एचआयव्ही मेंदूत शिरतो आणि तिथे कर्करोगाची गाठ निर्माण करतो, असा समज अनेक सुशिक्षितांमध्येही आढळतो. तो मेंदूत शिरतो हे खरे. परंतु एड्सच्या रुग्णांच्या मेंदूत उद्भवणाऱ्या लिम्फोमाच्या, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या, पेशी तपासल्या असता त्यांत जवळजवळ नेहमी सापडतो तो निराळाच विषाणू, एप्स्टाइन-बार.

१९६४ साली ओळखला गेलेला हा विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात, बी-पेशींमध्ये, आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो. बी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी४० नावाचे प्रथिन असते. टी-पेशीने, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीने, त्याला स्पर्श केला की पेशीला टिकून राहण्याचा आणि विभाजनाचा संदेश मिळतो. एप्स्टाइन-बार मात्र एलएमपी-१ हे स्वतःचे प्रथिन पेशीच्या आवरणात बसवतो आणि ते कोणाच्याही स्पर्शावाचून तोच संदेश अखंड देत राहते. इतक्या लहान विषाणूने पेशीची परवानगीच बनावट तयार करावी, हे मला आजही थक्क करते. निरोगी माणसात अशी पेशी फार काळ टिकत नाही, कारण मारक टी-पेशी विषाणूची प्रथिने ओळखून तिचा नाश करतात. या मारक पेशींना सीडी४ टी-पेशींची मदत लागते, आणि एचआयव्ही नेमक्या त्याच नष्ट करतो.

म्हणूनच हा आजार प्रामुख्याने अशा रुग्णांत दिसतो, ज्यांच्या एक घन मिलिमीटर रक्तात ५० पेक्षाही कमी सीडी४ पेशी उरलेल्या असतात. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. १९९६च्या सुमारास एचआयव्हीवरील एकत्रित औषधोपचार सुरू झाल्यावर त्याचे प्रमाण झपाट्याने घसरले. बर्किट लिम्फोमा या बी-पेशींच्याच दुसऱ्या एका कर्करोगाचे प्रमाण मात्र तसे घसरले नाही, कारण त्याच्या पेशींत एलएमपी-१ सहसा नसते आणि सीडी४ पेशी बऱ्यापैकी असतानाही तो होतो. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाने विकली जाणारी मिश्रणे एचआयव्हीची वाढ थांबवत नाहीत. त्यांच्या भरवशावर औषधे सोडणाऱ्यांच्या सीडी४ पेशी घटतच जातात.

एचआयव्हीचे निदान उशिरा झालेल्यांत हा लिम्फोमा आजही आढळतो. एमआरआयवर तो टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गासारखाच दिसू शकतो. अशा वेळी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात एप्स्टाइन-बारचा डीएनए सापडला, तर डॉक्टरांचा संशय लिम्फोमाकडे वळतो.