वाकड्या रांगेतले सॅडल

बास गिटारची दुरुस्ती शिकायला घेतल्यावर मी केलेली पहिली दुरुस्ती म्हणजे खरं तर बिघाड होता. ओळखीतल्या एकाने "घे, हात साफ कर, मोडली तरी चालेल" म्हणत एक जुनी बास आणून दिली. तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या धातूच्या पट्टीला ब्रिज म्हणतात. तिच्यावर चार छोटे सॅडल असतात आणि प्रत्येक तार आपापल्या सॅडलवर टेकते. या बासचे सॅडल मागेपुढे होते. बारीक तारेचा सगळ्यांत पुढे, मधले दोन थोडे थोडे मागे आणि जाड तारेचा पार शेवटाला. मला वाटलं, कुणीतरी घाईघाईत बसवलेत. पट्टी लावली, स्क्रू फिरवले आणि चौघांना बारीक तारेच्या सॅडलशेजारी कवायतीला उभं केल्यासारखं एका ओळीत आणलं. दिसायला फार झकास.

मग तारा सुरात लावल्या. मोकळ्या तारा बिनचूक. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे. जाड तार बाराव्या पडद्यावर दाबली, तर ट्यूनरचा, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राचा, काटा सात सेंट पुढे. सेंट म्हणजे एका सप्तकाचे 1200 समान भाग केले तर त्यातला एक. सात सेंट म्हणजे कानठळ्या बसतील इतकं बेसूर नाही, पण दुसरं वाद्य सोबतीला आलं की खटकायला लागतं. इतर तारांचंही तेच. फक्त जितकी तार बारीक, तितकी चूक कमी.

मी ब्रिजच बदलायला निघालो होतो. सुदैवाने त्याआधी वही काढली.

तारेचं मूळ गणित शाळेतलंच आहे. मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने ते 1636 मध्ये मांडलं: ताण तोच ठेवून तार निम्मी केली की कंपनं दुप्पट, म्हणजे बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर. नेहमीच्या बासची तार नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत 34 इंच, म्हणजे 863.6 मिलिमीटर धरतात. त्यामुळे बारावा पडदा 431.8 मिलिमीटरवर बसतो. सगळ्यांत जाड तार मोकळी वाजवली की सेकंदाला 41.2 कंपनं होतात, बाराव्या पडद्यावर 82.4 व्हायला हवीत. ती जास्त का होतात?

नेहमी मिळणारं उत्तर असं की तार दाबताना ती ताणली जाते, म्हणून सूर चढतो. उत्तर चूक नाही, पण आकडे घालून बघू. बाराव्या पडद्यापाशी तार 2 मिलिमीटर वर आहे असं धरा. ती खाली दाबली की सरळ रेषेचा एक अतिशय चपटा त्रिकोण होतो. पायथागोरस लावला तर लांबी वाढते फक्त 0.009 मिलिमीटर, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. पोलाद मात्र हट्टी असतं, एवढ्याशा ताणानेही कुरकुरतं. तारेचा पोलादी गाभा अर्ध्या मिलिमीटरचा आणि मुळातला ताण 17 किलोचा मानला, तर ताणात भर पडते साधारण 40 ग्रॅमची. सूर चढतो जेमतेम 2 सेंट.

उरलेल्या पाच सेंटांचं काय? खरं तर पाच नाही, आठ. कारण ज्या बारीक तारेच्या सॅडलशी मी सगळ्यांना आणून बसवलं होतं, तो मापापेक्षा दीड मिलिमीटर मागेच होता. म्हणजे तीन सेंटांची सूट आधीच दिलेली होती.

इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. शाळेतल्या सूत्रातली तार आदर्श असते, लोकरीच्या धाग्यासारखी, वाकायला जराही विरोध न करणारी. खरी तार म्हणजे लांबलचक बारीक सळई. सळई भिंतीत गाडून टोकाला हलवा, ती भिंतीलगत जवळजवळ हलत नाही, थोडं अंतर सोडून हलायला लागते. तारेचंही तसंच. सॅडलवर टेकल्याटेकल्या ती झोके घ्यायला लागत नाही. टोकाचा छोटा तुकडा ताठ राहतो आणि कंपनातून जवळजवळ बाद होतो. या बाद तुकड्याची लांबी काढता येते: तारेचा वाकण्याला असलेला विरोध भागिले ताण, आणि त्याचं वर्गमूळ. आपल्या अर्ध्या मिलिमीटरच्या गाभ्यासाठी ते येतं 1.9 मिलिमीटर. दोन्ही टोकांचे मिळून 3.8.

आता गंमत बघा. हा बाद तुकडा तार कुठेही दाबली तरी तेवढाच राहतो. मोकळ्या 863.6 मधून 3.8 गेले तर विशेष बिघडत नाही, आणि तसंही मोकळी तार आपण खुंटी पिळून सुरात आणतोच. पण 431.8 मधूनही तेच 3.8 जातात, आणि तिथे तेवढीच रक्कम दुप्पट जाचते. उरलेली तार निम्म्याहून कमी भरते आणि सूर चढतो, हिशेबाने साडेसात सेंट. त्यात ताणाचे दोन मिळवा. साडेनऊच्या आसपास बेरीज, त्यातून आधीच दिलेले तीन वजा. काट्याने दाखवलेल्या सातच्या बरंच जवळ. गाभ्याची जाडी मी अंदाजाने धरली होती हे लक्षात घेता, वहीतलं उत्तर पाहून मला खुर्चीतून उठून एक फेरी मारावी लागली.

म्हणून उपायही तितकाच सरळ. टोकाला ठरावीक तुकडा बाद होत असेल, तर तेवढा तुकडा टोकाला जास्तीचा द्यायचा. सॅडल 1 मिलिमीटर मागे घेतला की बाराव्या पडद्यावरची चूक साधारण 2 सेंटने उतरते. जाड तारेला पावणेपाच मिलिमीटर, बारीक तारेला दीड. ती वाकडी रांग म्हणजे चार तारांच्या ताठपणाचा आलेखच होता, आणि मी तो पट्टी लावून पुसला होता.

वाकण्याला असलेला विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट तर विरोध सोळापट. म्हणूनच बासची जाड तार एकसंध पोलादाची नसते. बाहेरून ती 2.7 मिलिमीटरच्या आसपास भरते, पण आत गाभा बारीक आणि त्यावर दुसऱ्या तारेचे वेढे. वेढे वजन वाढवतात, त्यामुळे सूर खाली खर्जात जातो, पण एकमेकांवरून सरकत असल्याने ताठपणा फारसा वाढवत नाहीत. तेवढ्याच जाडीची एकसंध सळई ताणली असती तर सूर कमी आणि घंटेसारखा टणत्कार जास्त ऐकू आला असता.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिलेई ल्यूट हे जुनं तंतुवाद्य वाजवत. पडदे कुठे बसवायचे याचा एक नियम त्यांनी 1581 मध्ये दिला: उरलेल्या लांबीचे 18 भाग करा, एक भाग सोडून पडदा बसवा, मग पुन्हा तेच. आजच्या गणिताने तो आकडा 18 नसून 17.817 हवा. 18 धरला तर बाराव्या पडद्यापर्यंत पोचेतो सूर साडेबारा सेंट उतरतो. पण दाबलेली तार तर चढते! दोन चुका परस्परांना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. तो "चुकीचा" आकडा कारागिरांनी पुढे कितीतरी काळ वापरला यात मला काही नवल वाटत नाही.

प्रत्यक्ष काम करताना क्रम मात्र पाळायचा. आधी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या लाकडातला पोलादी गज, पाव-पाव फेरी फिरवून मानेचा बाक ठरवायचा. चार तारा मिळून मानेला 75 किलोच्या आसपास ओढत असतात, त्यामुळे अगदी किंचित बाक ठेवावाच लागतो. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरली की सातव्या-आठव्या पडद्यापाशी 0.3 मिलिमीटरची फट दिसली पाहिजे, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, सरकेल एवढी. मग तारांची उंची. सॅडल मागेपुढे करायचा तो शेवटी, कारण आधीचं काहीही बदललं की हा हिशेब मोडतो. खरखरणारं व्हॉल्यूमचं बटण आणि सुटलेला डाख ही कामं याहून सोपी आहेत, हात थोडा भाजतो एवढंच.

या क्षेत्रात श्रद्धाळूंची कमतरता नाही. टोनच्या बटणावर 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, असतो. तोच आकडा छापलेला, जुन्या काळातल्या तेलकागदाचा कपॅसिटर "आवाजात ऊब येते" म्हणून कैकपट किमतीला विकला जातो. मल्टिमीटरवर दोघांचं माप सारखं भरत असेल तर ती ऊब खिशालाच जाणवते, असं माझं मत. त्या पैशांत तारांचा नवा संच येतो. मळलेल्या, दबक्या पडलेल्या तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, आणि मग सॅडल कुठेही न्या, सूर जुळत नाही.

नवी तार लावल्यावर आणखी एक करायचं. ताठपणामुळे ती सॅडलवरून लहानशी कमान करून उतरते. सॅडलच्या अगदी पुढे तिला अंगठ्याने खाली दाबलं की कमान मोडते, तार तिथेच कोन धरते आणि काटा एखाददोन सेंट हलतो. हे आधी करायचं, मोजायचं नंतर. आणि सॅडलचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तार सैल करायची. मी तशीच ताणलेली ठेवून फिरवला आणि एका स्क्रूच्या डोक्याची खाच गुळगुळीत करून ठेवली.

चारही सॅडल परत मागेपुढे नेले तेव्हा तीन तारा लगेच जुळल्या. जाड तारेचा सॅडल मात्र अडला. मागचा स्प्रिंग पूर्ण दबला होता आणि काटा अजून दोन सेंट पुढे होता. स्प्रिंग काढून पाहिला तर एका टोकाला कटरचा व्रण. आधी कुणीतरी तो कापून आखूड केला होता, म्हणजे ज्याला मी निष्काळजी समजत होतो तोसुद्धा याच मिलिमीटरसाठी झगडला होता. मी त्यातले आणखी दोन वेढे कापले.