सुपरवायझरचं मत: तिकडे अधिकार बघतात, इकडे मस्टर

‘युनियनच्या निवडणुकीत सुपरवायझरला मत नसतं’ हे वाक्य बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, चहाच्या लारीवर ठामपणे सांगितलं जातं. निवडणूक म्हणजे मालकाशी वाटाघाटी कुणी करायच्या हे ठरवणारं मतदान. वाक्य खरं आहे, पण अमेरिकेत. बडोद्यातल्या कारखान्याला ते जसंच्या तसं लावलं की गडबड होते. दोन्हीकडे शब्द एकच, ‘सुपरवायझर’. अर्थ मात्र वेगळे.

आधी अमेरिका. कामगारांना संघटनेचा हक्क देणाऱ्या १९३५च्या वॅगनर कायद्यात सुपरवायझरला वेगळं काढलेलं नव्हतं. १९४७ साली पॅकार्ड मोटर कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फोरमनही कर्मचारीच असल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी संसदेने टॅफ्ट-हार्टली कायदा आणून सुपरवायझरला कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून बाहेर काढलं. तेव्हापासून कसोटी आहे अधिकाराची. कायद्यात बारा अधिकार मोजून दिलेले आहेत: कामावर घेणं, बदली, निलंबन, तात्पुरती कामगार-कपात, कपातीनंतर परत बोलावणं, बढती, काढून टाकणं, काम नेमून देणं, बक्षीस, शिस्तभंगाची कारवाई, जबाबदारीने काम करवून घेणं आणि तक्रार मिटवणं. यातला एकच अधिकार पुरतो. स्वतः निर्णय न घेता वजनदार शिफारस करत असलात तरी चालतं. मात्र तो अधिकार मालकाच्या वतीने आणि स्वतःच्या बुद्धीने वापरला गेला पाहिजे. ठरलेला तक्ता बघून माणसं इकडून तिकडे हलवणं म्हणजे स्वतःची बुद्धी नव्हे. पगार किती, याला तिथे काडीचं महत्त्व नाही.

बहुतेक वाद इथेच होतात. लीडमन, म्हणजे चार जणांच्या टोळीतला जुना जाणता, तो सुपरवायझर का? २००६ साली तिथल्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने एकाच वेळी काही निकाल दिले. क्रॉफ्ट मेटल्स या दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यातले लीडमन सुपरवायझर ठरले नाहीत. टोळीच्या कामाचा जाब ते देत होते, पण निर्णयात त्यांची स्वतःची बुद्धी दिसली नाही. ओकवुड रुग्णालयातल्या कायम प्रमुख म्हणून राबणाऱ्या काही परिचारिका मात्र सुपरवायझर ठरल्या. आळीपाळीने प्रमुख होणाऱ्यांसाठी मंडळ दोन गोष्टी बघतं: ती पाळी ठरल्या क्रमाने येते का, आणि एकूण कामाच्या वेळेपैकी निदान १० ते १५ टक्के वेळ त्यात जातो का. सुपरवायझर असल्याचं सिद्ध करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर असतो, आणि हुद्द्याची नुसती पाटी पुरावा ठरत नाही.

मतदानाच्या दिवशी एखाद्यावर हरकत आली तर त्याला हाकलून देत नाहीत. तो मत देतो, पण मतपत्रिका बंद पाकिटात वेगळी ठेवतात. मोजणीत फरक इतका कमी निघाला की ही पाकिटं निकाल फिरवू शकतील, तरच ती कुणाची याचा निवाडा होतो. पद्धत उत्तम आहे. आपल्याकडेही उचलावी अशी.

आता आपल्याकडे. नवी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आणि तिच्यात ‘कामगार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एरवी, म्हणजे औद्योगिक विवाद, कामगार-कपात वगैरेंसाठी, पर्यवेक्षणाचं काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा माणूस कामगार नाही. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा तर कितीही वेतन असलं तरी नाही. पण याच व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, जोडलंय: तिसऱ्या प्रकरणापुरता कामगार म्हणजे उद्योगात नोकरीला असलेली सर्व माणसं. हे तिसरं प्रकरण कामगार संघटनांचं आहे, आणि वाटाघाटी करणारी संघटना ठरवणारं कलम १४ त्यातच येतं. शब्दरचना १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यातून आलेली आहे; अधिकाऱ्यांच्या असोसिएशन त्याच आधारावर नोंदवल्या जात.

थोडक्यात, २५,००० वेतनाच्या शिफ्ट इन्चार्जला कामावरून काढलं, तर कामगार म्हणून दाद मागताना तो अडेल; पण संघटनेची ताकद मोजताना कलमाच्या मजकुराप्रमाणे त्याला वगळता येत नाही. मजकूर शब्दशः घेतला तर प्लांट मॅनेजरही आत येतो, आणि तसं व्हावं असं कंपनीलाही वाटत नाही नि युनियनलाही. म्हणून मतदार यादीवर भांडण व्हायचं ते इथेच. हरकत लेखी घ्यायची, नावानिशी, आणि मोजणीच्या आधी.

१८,००० मोजताना सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च, बघू नका. वेतन म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. मात्र वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात मिळवतात. समजा मोबदला ३२,०००. त्यात मूळ आणि महागाई १४,०००, भत्ते १८,०००. निम्मे झाले १६,०००, भत्ते २,०००ने जास्त. ते मिळवून वेतन १६,०००. हा माणूस सुपरवायझर असूनही विवादासाठी कामगारच राहिला.

शिवाय तो खरंच पर्यवेक्षण करतो का, हे वेगळं तपासावं लागतं. न्यायालयं मुख्य काम बघतात, जोडकाम नव्हे. नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नुसती तपासणी करून वर कळवणाऱ्या अंतर्गत लेखापरीक्षकाला पर्यवेक्षक मानलं नाही. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यात पॅनेलवर बसून रीडिंग लिहिणारा आणि बिघाड झाला की फोन करणारा माणूस याच जातीचा. रजेच्या अर्जावर सही कुणाची, मेमो कोण काढतो, ओव्हरटाइमला कुणाला थांबवायचं हे कोण ठरवतो, ही कागदपत्रं जमवा. नेमणूकपत्रावरचा हुद्दा सगळ्यात शेवटी.

बहुमताची रीतही वेगळी, आणि गल्लत सगळ्यात जास्त इथेच होते. अमेरिकेत पडलेल्या वैध मतांचं बहुमत लागतं: ४०० मतदारांपैकी २०० जणांनीच मत दिलं तर १०१ पुरतात. आपल्याकडे एकाहून जास्त संघटना असतील तर एकटीने वाटाघाटी करण्यासाठी मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, ५१ टक्क्यांचा पाठिंबा लागतो. मस्टर ४००चं असेल तर २०४. घरी बसलेला माणूसही विरोधातच जमा होतो. त्यात ३० सुपरवायझर यादीत आले की मस्टर ४३०चं आणि आकडा २२०. युनियनवाले ‘सुपरवायझर आले तर मतं वाढतील’ म्हणून खूश होतात. ते तिसांतले निदान सोळा आपल्या बाजूने नसतील तर लक्ष्य गाठणं उलट अवघड होतं. कुणालाच ५१ टक्के मिळाले नाहीत तर किमान २० टक्के असलेल्या संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद बनते, दर २० टक्क्यांना एक प्रतिनिधी. मान्यता तीन वर्षांची, मालक आणि संघटना दोघांच्या संमतीने एकूण पाचपर्यंत.

निवडणुकीच्या तोंडावर अचानक दहा-बारा ऑपरेटरांना ‘सीनियर सुपरवायझर’ची पत्रं मिळाली तर ती जपून ठेवा. संघटनेचं बळ कमी करायला दिलेली अपात्र बढती अनुचित कामगार प्रथांच्या यादीत मोडते. पत्रासोबत पगार वाढला का, सहीचा अधिकार मिळाला का, आणि पत्राच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस त्याच मशीनवर होता का, एवढं पाळीच्या लॉगबुकातून उतरवून घ्या.